शेतावर गेलेला हज्ज मबरूक

पितळेची एक खुंटी. बोटं लागून लागून तिचं टोक गुळगुळीत झालं आहे.

खिडकीबाहेर दगडी बाक, बाकावर तिळाच्या रोट्यांची टोपली.

एक मेलेला माणूस. तो रोज शेतावर जातो.

बगदादमधली एक भट्टी, तिच्यापुढे पिठानं पांढरा झालेला एक तरुण.

"हॅलो मीत रहमा! झोपलात की काय सगळे?"

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना स्विचबोर्ड आहे, इजिप्तमधल्या मीत रहमा गावाच्या टेलिफोन केंद्रातला. माझ्या छातीवर भोकांच्या रांगा आहेत आणि पुढ्यात दोऱ्या लावलेल्या खुंट्या. खुंटी ज्या भोकात जाईल तिथला आवाज मला ऐकू येतो. आठवणींचंही माझं तसंच आहे. कधी पुढचं आधी येईल, कधी मागचं नंतर. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. अक्रोडाचं लाकूड, पितळेच्या पट्ट्या, रेशमात गुंडाळलेल्या तारा. एका सुतारानं माझ्या कडा हातानं घासल्या आणि जाताना मला थोपटलं. मग गवतात गुंडाळून मला जहाजात घातलं. अलेक्झांड्रियाला उतरलो, तांताला आलो आणि तिथून पुढे गाढवाच्या गाडीवरून, कालव्याच्या कडेकडेनं.

मी आलो त्या दिवशी गावात मेंढा कापला होता. गावचा उम्दा, म्हणजे मुखिया, नवी पायघोळ गलाबिया घालून माझ्यासमोर बसला. पहिला फोन त्यानं पोलीस चौकीला लावला. "ऐकू येतंय का?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की कालव्यापलीकडच्या चौकीतून हवालदारानं खिडकीत येऊनच उत्तर दिलं, "येतंय हो उम्दा! फोन ठेवलात तरी येईल!"

लोक हसले. मला मात्र फार अभिमान वाटला होता.

*

सित्त इन्साफ, म्हणजे इन्साफबाई, माझ्यापाशी आली तेव्हा नुकतीच तांताहून फोन जोडायचं काम शिकून आली होती. केसांना चमेलीचं तेल, डोक्यावर पोलादी पट्टी आणि कानाला फोन ऐकायचा गोळा. गावात कुजबुज झाली. कुणीतरी तिच्या बापाला चहाच्या दुकानात टोमणा मारला, "काय रे, तुझी पोरगी म्हणे दिवसभर परक्या पुरुषांशी बोलते?"

"बोलत नाही, त्यांच्यावर ओरडते," बाप म्हणाला. "तुमच्या बायका ते काम फुकट करतात. माझ्या पोरीला सरकार पगार देतं."

त्यानंतर कुजबुज थांबली.

माझ्या अंगावर क्रमांक होते, पण मीत रहमात ते कुणाला पाठ नव्हते. कुणी फोन उचलला की त्याच्या भोकावरची झाकणी टपकन खाली पडायची. इन्साफ खुंटी घालायची. पलीकडून आवाज यायचा, "इन्साफ, बाळा, डॉक्टरला दे." इन्साफ म्हणायची, "डॉक्टर घरी नाहीत खाला, न्हाव्याकडे अर्धी दाढी करून बसलेत. थांब, तिथेच लावते." हे मला येत नव्हतं, मित्रांनो. मी फक्त तार तारेला जोडत होतो. कोण कुठे आहे, कुणाचं कुणाशी भांडण आहे, कुणाला वाईट बातमी देताना आधी शेजारणीला बोलवायचं, हे सगळं इन्साफच्या डोक्यात होतं. लोक मात्र म्हणायचे, "केंद्राला सगळं ठाऊक असतं." ती शाबासकी मीही गुपचूप खाल्ली.

*

मग गावातले तरुण इराकला जाऊ लागले. तिकडचे पुरुष लढाईवर होते. त्यांच्या शेतात, त्यांच्या भट्ट्यांवर, त्यांच्या इमारतींवर हात हवे होते. मीत रहमातल्या प्रत्येक गल्लीतून कुणीतरी गेलं. बाहेरच्या दगडी बाकावर आया आणि बायका येऊन बसू लागल्या.

परदेशातून फोन करणं महाग होतं. पण खात्याचा एक नियम होता: नाव सांगून माणूस मागवायचा, आणि तो माणूस घरी नसला तर पैसे पडत नाहीत. या नियमाकडे इन्साफनं फार वेळ बघितलं असावं. कारण पुढच्या आठवड्यात इराकला निघालेला एक गवंडी निरोप घ्यायला खिडकीशी आला, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"पोहोचलास की टपाल कचेरीतून हज्ज मबरूकला फोन माग."

"कोण, तो हज करून आलेला कॉफीवाला मबरूक? तो तर वारला ना!"

"म्हणून तर. खरा फोन त्याला कधी येणार नाही. मी म्हणेन, शेतावर गेलाय. म्हणजे समज, घरी सगळे बरे आहेत. डॉक्टरकडे गेलाय म्हटलं तर समज कुणीतरी आजारी आहे, मग पैसे घालून फोन कर. आणि तुझं नाव आलं की मी तुझ्या आईला सांगेन, पोरगा सुखरूप आहे."

"आणि मबरूक वारला म्हटलंस तर?"

"थू! तोंडातून तसलं काढू नकोस."

निघणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची, एकेकट्याला, खिडकीच्या आत वाकून. आयांना मात्र नाही. "बाकावर कळलं की बाजारात कळलं," ती म्हणायची, "आणि बाजारात कळलं की खात्यात." आयांना एवढंच ठाऊक होतं की इन्साफ कधीमधी खिडकीतून डोकं काढते आणि म्हणते, "तुझा बरा आहे गं!" मग त्या ओठांवर जीभ फिरवून लू-लू-लू करत गल्लीभर आनंद वाटत जायच्या. कसं कळलं, हे कुणी विचारत नसे. केंद्राला सगळं ठाऊक असतं.

कैरोच्या मोठ्या दालनात फौज़िया नावाची बाई बसायची. बगदादची तार तिच्या हातातून माझ्याकडे यायची. तिला डाव लवकरच कळला.

"मीत रहमा, बगदादहून शाकिर बोलतोय, हज्ज मबरूकला बोलवा."

"हज्ज शेतावर गेलेत."

"पुन्हा शेतावर? काल बसराचा फोन होता तेव्हाही शेतावरच! केवढं शेत आहे गं त्याचं?"

"फार मोठं," इन्साफ म्हणायची. "बगदादपर्यंत जातं."

आणि तारेच्या त्या टोकाला, नियमाप्रमाणे एक शब्दही न बोलता, शाकिर हसायचा. त्याच्या हसण्याचा श्वास माझ्या तारांमधून जायचा. त्याचे पैसे पडत नसत.

*

शाकिर, बगदादच्या भट्टीवर रोट्या भाजणारा, उम्म शाकिरचा एकुलता एक; उम्म म्हणजे आई. बाप कापसाच्या गोदामात छत कोसळून गेलेला. आई सकाळी चुलीवर तिळाच्या रोट्या भाजायची आणि टोपली घेऊन आमच्या बाकावर बसायची. विकायला बसते असं ती म्हणायची. खरं म्हणजे ती निरोपाला बसायची आणि बसल्या बसल्या विकायची.

"खाला, घरी जा, ऊन लागेल," इन्साफ म्हणायची. "आलं काही तर बयूमीला पाठवीन."

"बयूमी? तो निरोप घेऊन निघाला की वाटेत तीन ठिकाणी चहा पितो. तोवर माझा पोरगा म्हातारा होईल."

अम्म बयूमी आमचा तारवाला. अम्म म्हणजे काका. अख्ख्या गावाचा काका. खांबावर बसल्या बसल्या तो वरून ओरडायचा, "ऐकलं हं मी!"

शाकिरनं जाताना आईला सांगितलं होतं, घराचं छत पक्कं करण्याएवढं जमलं की येतो. तिला छत नको होतं. "तो परत आला की छत नसलं तरी चालेल," ती इन्साफला म्हणायची, "तो उंच आहे, वर धरून उभा राहील."

*

नवी यंत्रं आली तेव्हा पत्र्याच्या राखी कपाटांनी शेजारची खोली भरली. ती आतल्या आत टिकटिक करायची. त्यांच्यासोबत आलेला बाशमुहंदिस, म्हणजे मोठा इंजिनियर, उम्द्याच्या मुलाला समजावत होता, "आता मध्ये कुणी नाही. तुम्ही क्रमांक फिरवायचा, समोर घंटा. मध्ये माणूसच नाही!"

"माणूस नाही म्हणजे डॉक्टर न्हाव्याकडे असला तर?" बयूमीनं विचारलं.

"मग घंटा वाजत राहील."

सगळ्यांना हे फार आवडलं. मलाही त्यात वाईट काही दिसलं नाही, हे खरं सांगतो. गावातले फोन एकेक करून माझ्यावरून उतरले आणि कपाटांवर गेले. माझ्याकडे उरली ती फक्त कैरोची तार. तीही काही आठवड्यांत जाणार होती.

त्याच सुमारास हुकूम आला, इन्साफनं तांताच्या कचेरीत टंकलेखन शिकायला हजर व्हावं. तिच्या जागी उस्ताद वजीह येणार. वजीह चांगला मुलगा होता, मित्रांनो. इस्त्रीचा सदरा, मृदू बोलणं. सगळ्या नियमांचं पुस्तक त्याला पाठ होतं आणि खोटं बोलणं त्याला जमत नसे.

निघताना इन्साफ अडचणीत पडली. नव्या साहेबाला डाव सांगावा तर खात्याला फसवल्याचा ठपका, तिच्यावर आणि तिकडच्या पोरांवरही. न सांगावा तर? तिनं बयूमीला बाजूला घेतलं.

"अम्म बयूमी, तू त्याच्याशी जरा ओळख कर. चहा पाज. मग एक दिवस हळूच सांग, मबरूकसाठी फोन आला तर 'शेतावर गेलाय' एवढंच म्हणायचं. का, ते सांगू नकोस."

"माझ्या दोन्ही डोळ्यांवर," बयूमी म्हणाला.

पण त्याच आठवड्यात बाशमुहंदिसानं बयूमीला कालव्यापलीकडे नवी केबल ओढायला पाठवलं. चहा राहून गेला.

इन्साफनं जाण्याआधी माझ्या खुंट्या तुरटीच्या पाण्यानं पुसल्या. शेवटची खुंटी जागेवर ठेवली. कानाचा गोळा माझ्या डाव्या खिळ्याला नीट टांगून गेली.

*

"हॅलो मीत रहमा."

"मीत रहमा बोलतोय."

फौज़िया पलीकडे होती. पुरुषाचा आवाज तिला नवा होता. "बगदादहून शाकिर. हज्ज मबरूकला बोलवा."

"एक मिनिट हं," वजीह म्हणाला. त्यानं पुस्तकात पाहिलं. मबरूक नाव नव्हतं. मन लावून काम करणारा माणूस तो, तेवढ्यावर थांबला नाही. तार तशीच उघडी ठेवून तो खिडकीतून वाकला आणि बाकाकडे बघून म्हणाला, "अहो, गावात हज्ज मबरूक कुठे राहतात?"

बाकावरच्या एका बाईनं उत्तर दिलं, "मबरूक? तो केव्हाच गेला रे बेटा. तुला आयुष्य लाभो."

वजीह परत माझ्यापाशी बसला.

"हॅलो कैरो. ते नाहीत."

"नाहीत म्हणजे शेतावर गेले असतील," फौज़िया घाईघाईनं म्हणाली. "नीट बघा उस्ताद, शेतावरच असतील."

"नाही नाही, मी चौकशी केली. ते वारले."

तार खरखरली. मग बगदादचा आवाज नियम मोडून मध्ये आला. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण शाकिर आजवर फक्त हसला होता.

"कधी?"

"बरेच दिवस झाले म्हणतात," वजीह हळुवारपणे म्हणाला. "तुम्हाला आयुष्य लाभो."

खुंटी बाहेर आली. शाकिरचं माझ्यावरून झालेलं ते शेवटचं बोलणं. ते स्वच्छ ऐकू गेलं. एकही शब्द तुटला नाही.

*

फौज़ियानं सकाळी कचेरी उघडताच तांताला फोन लावला. इन्साफ दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून गावात आली. तिनं आधी वजीहला गाठलं.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"जे खरं होतं ते, सित्त इन्साफ. का, काही चुकलं?"

 त्याच्यावर ओरडायला तिच्याकडे काही नव्हतं. मग तिनं माझ्यापाशी बसून कैरो मागितलं. कैरोनं बगदाद मागितलं. बगदादच्या दालनात बसलेली बाई म्हणाली, फोन टपाल कचेरीतून झाला होता, माणूस निघून गेला. "अगं बहिणी," फौज़िया तिला म्हणाली, "शाकिर नावाचा भट्टीवाला, मीत रहमाचा. पुन्हा कचेरीत आला तर सांग, तुझी आई जिवंत आहे." बगदादची बाई म्हणाली, खिडकीवरच्या कारकुनाला सांगून ठेवते. एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानात, असा तो निरोप वाळवंट ओलांडून गेला आणि एका खिडकीपाशी उभा राहिला.

शाकिर तिथे पुन्हा आला नाही. कुणाला फोन करायला येणार होता?

त्यानंतर कैरोची तार माझ्यावरून काढली. फौज़ियाचं दालनही रिकामं झालं. मग कुणालाही थेट बगदादला क्रमांक फिरवता येऊ लागला. पण "भट्टीवाला शाकिर" हा क्रमांक नाही, मित्रांनो. कपाटं तो फिरवू शकत नाहीत. कपाटांना विचारता येत नाही, "बहिणी, जरा बघ ना गं."

त्या दिवशी कैरोशी बोलून झाल्यावर इन्साफ झालेलं सगळं सांगायला बाहेर बाकावर गेली. उम्म शाकिरच्या शेजारी बसून तिनं पहिल्यांदाच डाव उघड केला, मबरूकचं शेत, डॉक्टर, सगळं. शेवटी परवा काय झालं ते सांगितलं.

उम्म शाकिर टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिली.

"परवा दुपारी?" तिनं विचारलं.

"परवा दुपारी. खिडकीतून त्यानं विचारलं आणि बाहेरच्या कुणी बाईनं जीभ उचलून टाळ्याला लावली म्हणे. कोण होती ती भेटू दे मला, तिची जीभ—"

"तिला शिव्या देऊ नकोस, बाळा," उम्म शाकिर म्हणाली. "तिला काय ठाऊक."

 मग म्हातारी म्हणाली, "म्हणजे त्यानं माझ्या मरणाचा फातिहा वाचला असेल. तिकडच्या मशिदीत. भट्टीवाले सोबत आले असतील, दुखवट्याची कॉफी प्यायले असतील." आणि तिला हसू आल्यासारखं झालं. "जिवंतपणी स्वतःचा फातिहा मिळालेली मी गावात एकटीच."

*

एका उन्हाळ्यात तिकडे दुसरं युद्ध पेटलं आणि माणसं गठडी पाठीवर टाकून परत आली. वाळवंटातून, जहाजांतून, ट्रकच्या टपावर बसून. उम्म शाकिर गाडीतळावर जाऊन उभी राहायची. डाव पहिल्यांदा ऐकलेला तो गवंडी परत आला. तो तिला बघून दचकला आणि त्यानं आधी अल्लाहचं नाव घेतलं.

"खाला, तू—? शाकिर तर म्हणाला—"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आता परत जायचं कुणासाठी. दक्षिणेकडे कामाला गेला. त्याच्यानंतर कुणाला दिसला नाही."

तिनं अर्ज करून घरात फोन घेतला. पांढरा, प्लास्टिकचा. त्यावर स्वतः विणलेली जाळीदार टोपी घातली, आणि शेजारणींना त्यावरून बोलू देईना. "लाइन अडकेल," म्हणायची. फोन वाजायचा तो बहुधा चुकीचा क्रमांक असायचा. तरी ती उचलून आधी म्हणायची, "मी जिवंत आहे. कोण बोलतंय?"

पुढे गावाच्या क्रमांकांना मागे एक आकडा वाढला, मग आणखी एक. खात्याची कंपनी झाली. इमारतीवरची पाटी बदलली, आतले लोक मुदतीआधीच घरी पाठवले गेले. राखी कपाटंही म्हातारी झाली आणि माझ्याआधीच भंगारात गेली. अम्म बयूमीच्या खांबांवरच्या तांब्याच्या तारा कुणीतरी कापून नेल्या. खिशातले फोन आले. पोरं आता एकच घंटा देऊन बंद करतात. म्हणजे पोहोचलो, बरा आहे. पैसे पडत नाहीत.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा म्हातारी इन्साफ फार हसली होती म्हणतात. मग रडली.

मी काही वर्षं गोदामात होतो. उंदरांनी रेशीम कुरतडलं. मग कुठल्याशा साहेबानं मला पुसून कंपनीच्या दरवाजाशी ठेवलं. माझ्यापुढे एक दोरी आहे आणि पाटी आहे: हात लावू नका. पैसे भरायला आलेले लोक माझ्यासमोर फोटो काढतात. एकदा इन्साफ आली होती, काठी टेकत. रखवालदार म्हणाला, "आजी, दोरीच्या मागे." ती मागे सरली. हात न लावता तिनं लांबूनच माझ्या खुंट्या बघितल्या.

मित्रांनो, नवं यंत्र आणू नका असं मी म्हणणार नाही. नवं यंत्र चांगलंच असतं, मीही एकदा नवा होतो आणि माझ्यासाठी मेंढा कापला होता. पण जुन्या यंत्रापाशी बसलेलं माणूस उठून निघालं की त्याला तसंच जाऊ देऊ नका. त्याला थांबवा, चहा द्या, आणि विचारा, तुला असं काय ठाऊक आहे जे पुस्तकात नाही. त्यानं सांगताना भ्यावं लागेल असे कायदे ठेवू नका. आणि चहा पुढच्या आठवड्यावर टाकू नका. माझं लाकूड पुसलंत, ठीक. पण माझ्या तारांतून जे जायचं ते लाकूड नव्हतं.

उम्म शाकिरचं घर आता बंद आहे. छत तसंच कच्चं राहिलं.

वजीहनं खिडकीतून वाकून विचारलं त्या दुपारी बाकावर एकच बाई बसली होती, आणि तिच्या टोपलीत तिळाच्या रोट्या होत्या.